हेच निमंत्रण समजावे

आमच्या कुटुंबात एक टीकोझी आहे, किटलीतला चहा गरम राहावा म्हणून वरून घालायचं टोपरं. पिवळं सॅटिन, आत कापूस भरून टाचलेला, एका बाजूला लेझी-डेझीची जांभळी फुलं आणि दुसऱ्या बाजूला भरतकामातली इंग्लिश झोपडी: उतरतं छप्पर, धुराडं, दारावर वेल. माझ्या आत्याने ती साठच्या दशकात शिवणक्लासात केली. क्लासमध्ये ती करावीच लागे, घरी किटली असो वा नसो. आमच्याकडे नव्हती. चहा पातेल्यात उकळायचा आणि गाळण्यातून थेट कपात यायचा. मग ती टीकोझी आजोबांच्या गजराच्या घड्याळावर बसली, कारण त्याची टिकटिक आजीला रात्री सहन व्हायची नाही. घड्याळ गेलं, टीकोझी राहिली.

इंग्रजी रहस्यकथांच्या एका जातीला 'कोझी' म्हणतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा डोळ्यांपुढे ती भरतकामातली झोपडीच आली. उबदार, गुबगुबीत, आत काहीतरी गरम असलेली. गाव लहान, चर्च, धर्मगुरूचं घर, चार वाजताचा चहा आणि गालिच्यावर एक प्रेत. रक्त फारसं दिसत नाही. तपास करणारी व्यक्ती पोलिसातली नसते. तिला वेळ भरपूर असतो आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. अशी पुस्तकं दुपारी जेवून आडवं झाल्यावर वाचायची, डोळा लागला तर पुस्तक छातीवर उलटं ठेवायचं, असा सर्वसाधारण समज आहे. माझाही होता. मी कॉलेजात असताना, नव्वदच्या दशकात, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून अ‍ॅगाथा क्रिस्टीचं 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' पंधरा रुपयांना घेतलं ते त्याच हिशेबाने. मुखपृष्ठ फाटलेलं होतं. मी ते आधी आत्याला दिलं, कारण माझी परीक्षा होती. ती टेलिफोन खात्यात ट्रंककॉलवर नोकरी करून निवृत्त झालेली. लग्न केलेलं नाही. लहानपणी बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेली आणि मोठेपणी शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी रहस्यकथा वाचणारी. तिने महिन्याभराने पुस्तक परत केलं, 'बरं आहे' म्हणाली.

सुरुवातच अशी आहे की तिथल्या तिथे माणूस अडकतो. चिपिंग क्लेगहॉर्न नावाचं खेडं. सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान सायकलवरचा पोरगा घरोघर वर्तमानपत्रं टाकतो, शुक्रवारी त्यात स्थानिक गॅझेट असतं. लोक आधी छोट्या जाहिराती वाचतात. कुणाला कुत्र्याची पिल्लं विकायची आहेत, कुणाला मोलकरीण हवी आहे. त्यांच्यामध्येच एक निवेदन: शुक्रवारी, २९ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेसहा वाजता लिटल पॅडॉक्स या घरी एक खून होणार आहे, मित्रमंडळींनी याची नोंद घ्यावी, वेगळं कळवलं जाणार नाही. ही शेवटची ओळ तिकडच्या लग्नाच्या आणि मृत्यूच्या निवेदनांतली ठरलेली ओळ आहे. आपल्याकडे पत्रिकेत तळाशी छापतात ना, 'वेळेअभावी समक्ष भेटणे शक्य झाले नाही, तरी हेच आगत्याचे निमंत्रण समजावे', तशी. क्रिस्टीबाईंचं निम्मं कौशल्य या एका वाक्यात आहे. भीती दाखवायला तिने वापरली आहे ती सगळ्यात घासून गुळगुळीत झालेली, सगळ्यात सभ्य ओळ.

आणि मग सगळं गाव जातं! बोलावलंय म्हटल्यावर जायला नको? प्रत्येकजण काहीतरी निमित्त काढून साडेसहाच्या सुमाराला लिटल पॅडॉक्सच्या दिवाणखान्यात येऊन बसतो. घरमालकीण मिस ब्लॅकलॉक. पाहुणे एकामागोमाग एक येतात आणि बोलायला विषय नसल्यामुळे म्हणतात, अरे वा, तुमचं सेंट्रल हीटिंग सुरू झालेलं दिसतंय! पुढचा येतो, तोही हेच. त्या पुढचाही. पहिल्या वाचनात मी हे विनोद म्हणून हसून सोडून दिलं. नंतर कळलं की ते विनोद आहेच, शिवाय इतिहास आहे आणि शिवाय पुरावाही आहे.

इतिहास असा की पुस्तक जून १९५० मधलं. प्रकाशकांनी ते क्रिस्टीचं पन्नासावं पुस्तक म्हणून गाजवलं. युद्ध संपून पाच वर्षं झाली होती, पण ब्रिटनमधलं रेशनिंग संपलेलं नव्हतं. ते ८ जानेवारी १९४० ला सुरू झालं आणि पूर्णपणे उठलं ते ४ जुलै १९५४ ला, मांसावरचं बंधन गेलं तेव्हा. पावाची तर गंमतच: युद्ध चालू असताना पाव मोकळा मिळायचा आणि युद्ध जिंकल्यावर, १९४६ ते १९४८, तो रेशनवर आला. जळण तुटपुंजं. अशा दिवसांत ऑक्टोबरमध्येच घर गरम करणारी बाई गावाच्या डोळ्यांत येणारच. गावातली माणसं एकमेकांच्या मागच्या दारातून शिरून लोणी, काकडी, डुक्कर कापलं असेल तर त्यातलं थोडंसं, असं काहीबाही ठेवून जातात. बेकायदा देवाणघेवाण. धर्मगुरूची बायको बंच हे सगळं इन्स्पेक्टर क्रॅडॉकला निरागसपणे समजावून सांगते, आणि त्याची पंचाईत होते, कारण तो कायद्याचा माणूस आणि हा गुन्हाच. तात्पर्य एवढंच की दारं उघडी असतात आणि कुणीही कधीही आत गेलेला असू शकतो. रेशनिंगमुळे संशयितांची संख्या वाढते. ही गोष्ट मला फार आवडते.

केकही आहे. वाढदिवसाचा चॉकलेट केक, आणि घरातल्या तरुण वात्रट मुलाने त्याला नाव दिलंय 'डिलिशस डेथ'. लोणी, साखर, चॉकलेट या सगळ्याची मारामार असताना केलेला. ज्या वाचकांनी १९५० साली हे पान वाचलं त्यांच्या तोंडाला सुटलेलं पाणी आपल्याला आता सुटणार नाही. माझ्या आजीने मात्र ते ओळखलं असतं. साखरेच्या रांगेत उभी राहिलेली होती ती.

दिवे जातात, गोळ्या झाडल्या जातात, दिवे येतात आणि गालिच्यावर पडलेला असतो एक परका तरुण, रूडी शेर्झ, जवळच्या हॉटेलातला स्वागत-कारकून. क्रिस्टीची हौशी तपास करणारी अविवाहित म्हातारी, मिस मार्पल, या गोष्टीत येते ती याच्यामुळे. संधिवाताच्या उपचारासाठी भाच्याच्या खर्चाने ती त्याच हॉटेलात उतरलेली असते, आणि या पोराने तिच्या सात पौंडांच्या चेकवर खाडाखोड करून सतरा केलेले असतात. तिच्या लक्षात येतं, कारण ती नेहमी सातच काढते. पूर्वी पाच काढायची. महागाई वाढली म्हणून सात. इतक्या मोठ्या तपासाची चावी एका म्हातारीच्या घरखर्चात आहे.

मिस मार्पल म्हणजे आपल्या चाळीतल्या, खिडकीत बसलेल्या काकू, असं मराठीत कुणीही हटकून म्हणतं. मलाही म्हणावंसं वाटतं, पण ते बरोबर नाही. खिडकीतल्या काकूंना सांगायचं असतं. या बाईला कळून घ्यायचं असतं. सुरुवातीला तीही तशीच होती हे खरं. १९३० साली 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज' या पहिल्या मार्पल कादंबरीत धर्मगुरूची तरुण बायको तिला गावातली सगळ्यात खडूस म्हातारी म्हणते. हातात पक्षी बघायची दुर्बीण, तोंडाने बागकामाची चर्चा. पुढच्या कादंबऱ्यांत ती मऊ झाली, गुलाबी लोकरीचं काहीतरी विणायला लागली. पण लोकरीच्या आत सुया आहेत हे विसरायचं नाही. क्रिस्टीने आत्मचरित्रात लिहिलंय की ही बाई एका बाबतीत आपल्या आजीसारखी आहे: आनंदी स्वभाव, पण प्रत्येकाबद्दल वाईटच गृहीत धरायचं, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

तिची पद्धत मला समजली ती मात्र इंग्रजी समीक्षेतून नव्हे. बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं, त्यात न्यायदर्शन. ज्ञानाची साधनं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. धूर दिसला, म्हणजे अग्नी असणार, हे अनुमान. शेरलॉक होम्स सगळा अनुमानावर चालतो. बुटावरचा चिखल बघून गाव सांगतो. उपमानाचं पुस्तकातलं उदाहरण गवयाचं. गवय गायीसारखा असतो असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मग रानात तो प्राणी दिसला की माणूस म्हणतो, हाच तो गवय. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि मनात म्हटलं, हे वेगळं साधन कशाला मानायचं? मिस मार्पल वाचली आणि उत्तर मिळालं. ती पूर्ण उपमानावर चालते. समोरचा माणूस बघून तिला गावातला कुणीतरी आठवतो: अमक्या दुकानातला पोऱ्या, तमकीची मोलकरीण, पैसे लांबवणारा एक कारकून. पहिल्याच कथेत मोठमोठी मंडळी न सुटलेल्या खुनांवर बोलत असतात आणि ही सांगते की मिसेस कॅरुथर्सने सोललेली कोळंबी विकत घेतली आणि घरी येईपर्यंत पिशवीतून गायब! सगळे हसतात. पण तिच्या दृष्टीने मोठं पाप आणि छोटं पाप एकाच जातीचं असतं. गाय ओळखीची असली की गवय ओळखता येतो.

आणि याच ठिकाणी या कादंबरीत तिची पद्धत अडखळते. म्हणून मला मार्पलच्या बारा कादंबऱ्यांत हीच सगळ्यात मोठी वाटते.

इन्स्पेक्टर क्रॅडॉकशी बोलताना ती जे म्हणते त्याचा आशय असा: पंधरा वर्षांपूर्वी प्रत्येक गावात कोण कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. नवीन कुणी आलंच तर ओळखीच्या कुणाचं पत्र घेऊन यायचं, किंवा तिथल्याच कुणाबरोबर एका पलटणीत, एका जहाजावर असलेलं असायचं. आता मोठी घरं विकली गेली, झोपड्यांची रूपं बदलली, माणसं नुसती येतात आणि राहतात. त्यांच्याबद्दल आपल्याला तेवढंच माहीत असतं जेवढं ती स्वतः सांगतात. हिंदुस्थानातून, हाँगकाँगहून, चीनहून आलेली माणसं. घरात बनारसी पितळी भांडी मांडली, बोलताना 'टिफिन' आणि 'छोटा हाजरी' (साहेबांचा पहाटेचा चहा-नाश्ता) म्हटलं की झालं, हिंदुस्थानात आयुष्य काढलं हे सिद्ध.

पहिल्यांदा वाचताना 'छोटा हाजरी'पाशी मी हसले. आपला डबा आणि आपली पितळी परात इंग्लंडातल्या खेड्यात पुरावा म्हणून उभी! तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. १९४७ नंतरची दोन-तीन वर्षं. साम्राज्य आवरून माणसं घरी परतताहेत, आणि घर म्हणजे ज्या देशात ती आयुष्यभर राहिलीच नाहीत तो देश. पुस्तकातले कर्नल ईस्टरब्रुक त्यांतलेच. ती परात बनारसच्या ठठेऱ्याकडून घेतली की लंडनच्या लिलावात, कोण सांगणार? सांगणारे सगळे मागे राहिले.

न्यायदर्शनातलं चौथं प्रमाण शब्द. पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे विश्वासार्ह, खरं तेच सांगणारा. मराठीत आपण आप्त म्हणजे नातेवाईक करून टाकलं. ही मूळ शब्दाची घसरण आहे असं आमचे सर चिडून म्हणायचे. मला वाटतं मराठीने बरोबर केलं. खेड्यात विश्वासार्ह म्हणजे नात्यातला, ओळखीतला, ज्याची आजी आपल्या आजीला माहीत आहे असा. मिस मार्पल म्हणते ते ओळखीच्या माणसाचं पत्र घेऊन येणं हेच आहे. आप्तवाक्य गेलं, उरला नुसता शब्द. क्रॅडॉकही याच मुद्द्यावर वैतागतो. सगळ्यांकडे रेशनबुकं आहेत, ओळखपत्रं आहेत, त्यांवर छानपैकी क्रमांक आहेत. फोटो नाही, बोटांचे ठसे नाहीत. युद्धाच्या सुरुवातीला, १९३९ मध्ये, ब्रिटनने घरटी नोंदणी करून ही कार्डं वाटली आणि १९५२ मध्ये बंद केली. जरा खटपट केली तर कुणालाही हवं ते कार्ड मिळवता यावं. आपल्याकडे किती वर्षं रेशनकार्ड हाच राहण्याचा पुरावा होता! कार्डावर नाव आहे म्हणजे माणूस आहे. कुठला, ते कार्डाला विचारायचं.

नव्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, 'तुम्ही मूळचे कुठले?' मला तो प्रश्न आवडत नाही, कारण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो आणि तो आडनाव कळेपर्यंत थांबतो. त्यामुळे मिस मार्पल जुन्या दिवसांबद्दल हळहळते तेव्हा माझं मन तिच्याबरोबर पूर्ण जात नाही. सगळ्यांना सगळे माहीत असलेल्या गावात कुणाला श्वास घेता येत नसेल याची यादीही मोठी असणार. क्रिस्टी तिकडे बघत नाही. तिची मिट्झी बघा. मध्य युरोपातून जीव वाचवून आलेली निर्वासित, शिकलेली, आणि इथे स्वयंपाकीण. घरचे मारले गेले असं सांगते. गाव तिला खोटारडी म्हणतं, पोलीस कंटाळतात, लेखिका तिच्या ओरडण्याचा विनोद करते. १९५० साली, छळछावण्यांच्या बातम्या येऊन पाच वर्षं झाल्यावर! तिला शेवटी एक धाडसाचं काम दिलंय, त्याने भरपाई होते असं काहीजण म्हणतात. मला नाही वाटत. तिच्या गोष्टी अतिशयोक्त असतील, पण त्यांच्यामागचं मूळ खरं असू शकतं एवढी शंकाही दिवाणखान्यातल्या कुणाला पुरेशी सतावत नाही. स्वतःबद्दल जे सांगते तेवढंच माहीत, हा नियम सगळ्यांना लागू. अविश्वास मात्र हिच्याच वाट्याला.

आता लेखिकेचीच एक गोष्ट. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री अ‍ॅगाथा क्रिस्टी घरातून नाहीशी झाली. गाडी सोडलेली सापडली, पोलीस आणि स्वयंसेवक माळरानं तुडवत होते, वर्तमानपत्रांत तिचे फोटो. अकरा दिवसांनी ती हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली. तिथे तिने नाव लिहिलं होतं मिसेस नील, गाव केपटाऊन. नील हे तिच्या नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव. हॉटेलच्या वाद्यवृंदातल्या एका बॅन्जो वाजवणाऱ्याने तिला ओळखलं. या दिवसांबद्दल तिने आत्मचरित्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. स्मृतिभ्रंश होता की नाही, नवऱ्याला धडा शिकवायचा होता का, यावर लोकांनी पुस्तकं लिहिली. त्यात मी पडत नाही. मला फक्त ती रजिस्टरची ओळ दिसते. एक बाई येते, केपटाऊनची आहे म्हणते, आणि लोक मान डोलावतात. का डोलावू नये? चोवीस वर्षांनी मिस मार्पल क्रॅडॉकला जे सांगते ते लिहिणाऱ्या हाताला हे अनुभवाने ठाऊक होतं.

पुस्तकात किती 'मिस' आहेत ते मी एकदा मोजायला बसले. मिस ब्लॅकलॉक, तिच्याकडे आश्रयाला आलेली शाळेतली मैत्रीण मिस बनर, कोंबड्या पाळणाऱ्या मिस हिंचक्लिफ आणि मिस मर्गट्रॉइड, आणि मिस मार्पल. १९२१ च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये पुरुषांपेक्षा बायका सतरा लाखांहून जास्त निघाल्या होत्या. त्यांना वर्तमानपत्रं 'जादा बायका' म्हणायची. पहिल्या युद्धात मेलेल्या पोरांची लग्नं ज्यांच्याशी झाली असती त्या या. क्रिस्टी हे सांगत बसत नाही. ती त्यांना फक्त म्हाताऱ्या झालेल्या दाखवते: कुणाला जोडीदारीण मिळाली, कुणाला पैसा, कुणाला काहीच नाही. डोरा बनरला काहीच नाही. ती विसराळू आहे, बडबडते, फाटकेपणाची तिला लाज वाटते, आणि शाळेतल्या मैत्रिणीने आपल्याला घरी नेलं याचं तिला अजून आश्चर्य वाटतंय. आत्याला सगळ्या पुस्तकात एकच माणूस आवडलं, ती डोरा. 'बाकीची सगळी सोंगं,' म्हणाली.

शेवटाकडे मिस मार्पल एका कागदावर काही शब्द टिपून ठेवते. दिवा. व्हायोलेटची फुलं. अ‍ॅस्पिरिनची बाटली कुठे आहे? डिलिशस डेथ. आयोडिन. मोती. वृद्धापकाळाची पेन्शन. वाण्याच्या यादीसारखे हे शब्द. त्यातल्या प्रत्येकाला अर्थ आहे, आणि प्रत्येक आपल्यासमोर आधीच ठेवलेला होता. त्या काळच्या ब्रिटिश रहस्यकथाकारांचा १९३० पासून एक क्लबच होता, डिटेक्शन क्लब. वाचकापासून महत्त्वाचा पुरावा लपवणार नाही अशी शपथ सदस्य घ्यायचे. क्रिस्टी पुढे त्याची अध्यक्षही झाली. तिने शपथ पाळली, पण लपवण्यासाठी वेगळी जागा शोधली: डोळ्यांपुढे. दिवा कसा गेला याचं कोडं धर्मगुरूच्या घरातल्या मांजरामुळे सुटतं. मांजराचं नाव टिग्लाथ-पिलेसर, असीरियाच्या राजाचं. क्रिस्टीचा दुसरा नवरा मॅक्स मॅलोवन १९४९ पासून इराकमध्ये निमरूदला असीरियन राजवाडेच उकरत होता. नवऱ्याच्या राजाला तिने धर्मगुरूच्या घरी झोपवलं.

एक पुरावा तर असा आहे की मराठीत त्याचं काय करायचं हा प्रश्नच पडतो. मिस मर्गट्रॉइडला दिवे गेल्यानंतरचं काहीतरी अचानक आठवतं आणि ती ओरडून तीन शब्द सांगते. 'शी वॉझन्ट देअर.' ती तिथे नव्हती. पुढे मिस मार्पल ऐकणारीला विचारते, तिने कुठल्या शब्दावर जोर दिला होता? 'ती' वर, 'तिथे' वर, की 'नव्हती' वर? अर्थ तीन निघतात. इंग्रजीत हे जमून जातं, कारण जोर आवाजात असतो, कागदावर उमटत नाही. मराठी बाई अशा वेळी 'च' लावल्याशिवाय राहील का? 'तीच नव्हती तिथे.' 'ती तिथे नव्हतीच.' संपलं रहस्य! आपल्या एका अक्षराने क्रिस्टीबाईंचा दोन प्रकरणांचा संसार उधळला असता.

उबदार वाचनात एक गार वारा येतो तो फाशीचा. कोझीत खुनी सापडला की पुस्तक संपतं. त्याला पुढे काय होतं ते कुणी बोलत नाही, पण १९५० साली ब्रिटनमध्ये खुनाची शिक्षा ठरलेली होती. शेवटच्या फाशा १९६४ मध्ये झाल्या. गुलाबी लोकर विणणारी म्हातारी दरवेळी कुणालातरी तिकडे धाडते, आणि तिला ते माहीत असतं. १९५७ च्या एका कादंबरीत तर कायदा सौम्य झाल्याबद्दल ती हळहळते. याच पुस्तकाच्या तीन महिने आधी, ९ मार्च १९५० ला, टिमथी इव्हान्स नावाच्या तरुणाला लंडनमध्ये आपल्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फासावर दिलं. त्याच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार खालच्या मजल्यावरचा शेजारी. युद्धात राखीव पोलीस म्हणून काम केलेला, बोलायला नेमस्त. त्याच्यावर आधी गुन्हे शाबित झालेले होते, तरी त्याला पोलिसात घेताना कुणी तपासलं नव्हतं. कोर्टाने त्याचा शब्द मानला. १९५३ मध्ये त्याच्या घरात बायकांची प्रेतं सापडली, भिंतीत, जमिनीखाली. इव्हान्सला मरणोत्तर माफी १९६६ मध्ये मिळाली. शेजाऱ्याचं आडनाव योगायोगाने क्रिस्टीच होतं, जॉन क्रिस्टी. या गोष्टीत मिस मार्पल नव्हती. असती तरी ती इव्हान्सकडे बघून काय म्हणाली असती याची मला खात्री देता येत नाही. तो बिचारा खोटं फार बोलायचा, मिट्झीसारखा.

आता त्या पंधरा रुपयांच्या प्रतीबद्दल सांगायला हवं. आत्याने परत केल्यावर परीक्षा संपवून मी वाचायला घेतलं. गावातली माणसं एकेक करून ओळख करून दिली जातात त्या पानांवर एका बाईच्या नावापुढे समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'हीच ती.' मला इतका संताप आला! आधीच्या कुठल्यातरी मालकाने सगळी मजा घालवली होती. पुस्तक मिटलं नाही, पण त्या बाईकडे बघतच सगळं वाचलं. तिचं हसणं, तिचं चहा ओतणं, तिचं उशिरा येणं, सगळं मला गुन्हेगारासारखं वाटलं. क्रिस्टीने दाखवलेला एकही पुरावा मी धड पाहिला नाही, कारण मला उत्तर माहीत होतं. आणि शेवटच्या प्रकरणात कळलं की ती बाई नव्हतीच. पेन्सिलवाल्याचा तर्क चुकला होता. एका निनावी समासावर मी तीनशे पानं विश्वास ठेवला, न्यायदर्शनात साठच्या वर मार्क मिळवून.

बरीच वर्षं मी ही गोष्ट फुटपाथवरच्या एका अज्ञात वाचकाची म्हणून लोकांना सांगत आले. मागच्या दिवाळीत आत्याकडे कपाट आवरताना टीकोझीत गुंडाळलेली तिची जुनी वही सापडली. ट्रंककॉलच्या दिवसांतली, नंबर, नावं, कोपऱ्यात भाज्यांचे भाव, सगळं पेन्सिलीने. 'ह'ची शेपटी डावीकडे वळवून खाली ओढलेली, आणि 'च' असा काढलेला की तो 'व' वाटावा. मी घरी येऊन पुस्तक काढलं. दुसऱ्या रविवारी ते घेऊन परत गेले.

आत्याने चष्मा लावला. पान उजेडात धरलं, लांब केलं, जवळ आणलं.

"माझ्यासारखंच आहे अक्षर," म्हणाली.

"आत्या, तूच लिहिलंयस."

"मी कशाला लिहू? आणि लिहीन तर चुकीचं कशाला लिहीन? मला काय खुनी कळला नव्हता?"

तिने पुस्तक मिटून टीकोझीशेजारी ठेवलं, चहाचं पातेलं गॅसवर चढवलं आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "पण फसलीस ना?"